आधी नजर, मग हात: ऐकू कमी येणाऱ्या बाळाशी बोलायला लागताना

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. सकाळी माग सुरू झाले की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. त्या खडखडाटात माझा मुलगा पाळण्यात गाढ झोपायचा आणि येणारी-जाणारी बाई म्हणायची, ‘काय गुणाचं लेकरू आहे गं!’ मलाही कौतुक वाटायचं. तो १४ महिन्यांचा झाला तेव्हा तपासणीत कळलं, की दोन्ही कानांनी त्याला फारच कमी ऐकू येतं. माग त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

आता तो ११ वर्षांचा आहे. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून नव्याने निदान झालेल्या बाळांचे आईबाप आमच्या घरी येतात. प्रश्न जवळजवळ ठरलेले. ‘मशीन (म्हणजे कानातलं श्रवणयंत्र) मिळेपर्यंत काय करायचं?’ आणि आवाज खाली आणून, ‘हातवारे केले तर हा बोलायचाच नाही ना?’ त्या दोन प्रश्नांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाला तपासलेल्या ऑडिओलॉजिस्टचं (ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाचं) आणि स्पीच थेरपिस्टचं सांगणं माझ्या सांगण्याच्या वरचढ समजा.

सगळ्याच्या आधी तपासणी

ताट वाजवून, टाळी वाजवून घरी केलेली परीक्षा धरू नका. ताट आपटलं की जमिनीला हादरा बसतो, टाळी वाजवणाऱ्याची सावली हलते, वाऱ्याची झुळूक लागते. बाळ वळतं ते त्यामुळेही. ‘हा तर आवाज काढतो, मग बहिरा कसा?’ हेही फसवं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत ऐकू न येणारं बाळही हुंकार देतं, किलबिलतं. फरक पुढे पडतो. ऐकणारी बाळं साधारण दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी अक्षरांची माळ लावू लागतात, आणि कमी ऐकणाऱ्यांची ती माळ लांबते.

मुख्य तपासण्या दोन. कानात छोटी खुंटी ठेवून होणारी ओएई, आणि डोक्याला तारा चिकटवून झोपेत होणारी बेरा. दोन्हींत दुखत नाही. जगभर पाळला जाणारा नियम एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी (प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. ओएईत ‘रेफर’ (पुढे तपासा) आलं म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही. कानात चिकट द्रव असला तरी तसं येतं. पण पुन्हा तपासायला जायचं म्हणजे जायचंच. माझ्या मुलाच्या नवव्या महिन्यात एका डॉक्टरांनी ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून परत पाठवलं होतं. ते पाच महिने मला आजही टोचतात.

सोलापुरात सुरुवात सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागापासून करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही याच कामाचं आहे. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. ताईंना सांगून नाव घालून ठेवा. याच फेरीत बाळाचे डोळेही तपासून घ्या. कान कमी असलेल्या लेकराचा सगळा भार डोळ्यांवर पडतो, आणि हे सांगायचं बरेचदा राहूनच जातं.

हातवाऱ्यांची भीती

ही भीती आमच्या घरातही होती. थोडा विचार केला तर दिसेल, की ऐकणारं बाळसुद्धा आधी हातानेच बोलतं. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान ते वस्तू दाखवतं, हातात देतं, बोट करतं. ‘टाटा’ आणि ‘जय बाप्पा’ तोंडाने यायच्या आधी हाताने येतात. पुढे ते चपलेकडे बोट करून ‘बाबा’ म्हणतं, म्हणजे बाबांची चप्पल. अशी बोट-शब्दाची जोडी जमली की दोन शब्दांचं वाक्य मागोमाग येतं. हाताने शब्दाला कधी अडवलेलं नाही.

१९९१ साली लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी दाखवलं, की मूकबधिर आईबापांच्या घरात खुणांची भाषा बघत वाढणारी बाळं हातानेच बोबडं बोलतात. जशी आपली ‘बाबाबा’ करतात तशी. म्हणजे बाळाच्या मेंदूला भाषा हवी असते. ती कानाने आली तर कानाने, डोळ्याने आली तर डोळ्याने. अडचण आपल्यासारख्या घरांची. ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप ऐकणारे असतात. त्या बाळाला डोळ्यांनी उचलता येईल असं घरात कुणी काही करतच नसतं.

तसं बघायला गेलं तर सोलापूरकरांना हे जड जाऊ नये. आमच्या गल्लीत पोराला बोलवायला कुणी ‘ये’ म्हणतं, कुणी ‘रा’, कुणी ‘बा’, कुणी ‘आ’. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. हात मात्र सगळ्यांचा सारखाच हलतो. माझ्या सासूबाई आणि शेजारच्या अक्का तीस वर्षं एकमेकींची भाषा धड न शिकता भांडल्याही आणि बोलल्याही.

पायरी १: नजर मिळवा

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. बाकीचं आपोआप सोपं जातं.

ऐकणारं बाळ चेंडूकडे बघता बघता ‘चेंडू’ हा शब्द ऐकतं. आपलं बाळ एका वेळी एकच करू शकतं, चेंडू बघेल किंवा तुम्हाला. ते चेंडूत रमलेलं असताना तुम्ही त्याच्या मागे उभं राहून शंभर वेळा हात हलवले तरी ते हवेत गेले. म्हणून:

खाली बसा. तुमचं तोंड बाळाच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. खिडकी पाठीमागे ठेवलीत तर बाळाला नुसती काळी सावली दिसते. (वीज गेल्यावर मोबाइलची बॅटरी हनुवटीखाली धरू नका. मी धरली होती. पोरगं घाबरून रडलं.)

बाळाच्या मांडीवर किंवा दंडावर हलकं थोपटा, दर वेळी त्याच जागी. काही आठवड्यांत त्याला कळतं, की इथे थोपटलं म्हणजे आई काहीतरी सांगणार आहे. हनुवटी धरून तोंड वळवू नका. मागून अचानक हात लावू नका.

थोपटूनही बघत नसेल तर ते जिथे बघतंय तिथे तुम्ही जा. त्याच्या हातातल्या चेंडूशेजारी तुमचा हात आणून तिथेच खूण करा. किंवा चेंडू उचलून हळूच तुमच्या गालापाशी न्या, नजर मागोमाग येते. अगदी लहान बाळाच्या अंगावरही खूण करता येते: ‘मम्मम’ करताना तुमची बोटं त्याच्या ओठांना लावा. मूकबधिर आया आपल्या बाळांशी हे सगळं सहज करतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आणि बाळाने नजर काढून घेतली तर घेऊ द्या. डोळेही थकतात. कान मिटता येत नाहीत, डोळे मिटता येतात, हा फरक लक्षात ठेवला की बाळाचा राग येत नाही.

पायरी २: पाच खुणा, पाच वेळा

पहिल्याच आठवड्यात पन्नास खुणा ठरवू नका. दिवसात ज्या गोष्टी तशाही होणारच आहेत त्यांच्यापासून सुरू करा: खाणं, पाणी, झोप, बाहेर जाणं, उचलून घेणं.

‘मम्मम’ला पाचही बोटं जुळवून ओठांशी. ‘पाणी’ला मूठ आणि अंगठा तोंडाकडे. ‘गाई’ला तळव्यावर गाल टेकून डोळे मिटायचे. ‘भूर’ला हात दाराकडे उडवायचा. ‘उचल’ला दोन्ही हात पसरायचे. नवीन काही शोधून काढायची गरज नाही, या खुणा आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या आहेत. फक्त आता जाणीवपूर्वक, संथ, थोड्या मोठ्या आणि चेहऱ्यासकट करायच्या.

सहावी घ्यायची असेल तर ‘संपलं’ घ्या, दोन्ही तळवे उघडून रिकामे हलवायचे. वाटी संपली, दिवा गेला, रिक्षा निघून गेली, बाबा कामावर गेले, सगळीकडे चालते. एक खूण इतक्या ठिकाणी वापरली गेली की बाळाला कळतं, ही वस्तूची नाही, घडण्याची खूण आहे.

एक कबुली देते. आमच्या घरात पहिल्या महिन्यात नेमाने चाललेल्या खुणा होत्या: नको, थांब, इकडे ये, ओठांवर बोट ठेवून गप्प. म्हणजे हुकूमच. मुलाने सगळ्यात आधी उचललं ते काय, तर तर्जनी नाचवून ‘नाही नाही’! थेरपिस्टने विचारलं, ‘तुम्ही त्याला दिवसभरात काही सांगता का, की नुसतं दामटता?’ तेव्हा लक्षात आलं. आभाळ दाखवा, खिडकीतली खार दाखवा, भाकरी टम्म फुगली ते गाल फुगवून दाखवा. ज्यात बाळाला काहीही करायचं नाही, फक्त तुमच्याबरोबर बघायचं आहे, अशा खुणा हुकमांपेक्षा जास्त हव्यात.

पायरी ३: हात आणि तोंड बरोबर

खूण करताना तोंड बंद ठेवू नका. थोडंही ऐकू येत असेल तर आवाज हवा, काहीच येत नसेल तरी ओठ आणि चेहरा हवा. आणि सुटा शब्द नको, छोटं वाक्य हवं: ‘पाणी हवं? चल, पाणी पिऊ.’ खूण फक्त ‘पाणी’वर.

आम्हाला शिकवलेला क्रम असा. आधी नुसतं बोला, ‘पाणी हवं?’ थोडं थांबा. प्रतिसाद नाही आला तर खुणेसकट बोला. मग पुन्हा नुसतं बोला. बोल, खूण, बोल. मशीन लावल्यावर हा क्रम फार उपयोगी पडतो, कारण कानाला पहिली संधी मिळते. काही थेरपिस्ट त्यांच्या तासाला हात खाली ठेवायला सांगतात, कारण त्या वेळी त्यांना फक्त कान कामाला लावायचे असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, तेवढा वेळ ठेवा. पण ‘घरीही दिवसभर हात बांधून बसायचं का?’ हे स्पष्ट विचारा आणि कारण समजून घ्या. मशीन अजून आलेलंच नाही, किंवा मशीन लावूनही आवाज पोचत नाही, अशा बाळाला बोलण्याशिवाय ठेवणं मला तरी पटत नाही.

पायरी ४: थांबा, आणि त्याचा हात वाचा

खूण केल्यावर मनात दहा अंक मोजा. खरंच मोजा, आपण दोनवरच पुढचं बोलून मोकळे होतो.

बाळाची खूण तुमच्यासारखी दिसणार नाही. माझा मुलगा ‘पाणी’ला अख्खी मूठ नाकावर आपटायचा. बोबडे बोल आपण जसे गोड मानून घेतो तसेच बोबडे हात मानून घ्या, आणि उत्तरात तुम्ही नीट खूण करा. हात धरून त्याच्याकडून ती करवून घेऊ नका.

बोट केलं की उत्तर द्यायचंच. पंख्याकडे बोट केलं तर ‘हो, पंखा! गरगर फिरतोय,’ वर बोट गोल फिरवून. गड्ड्याच्या यात्रेत त्याला खांद्यावर घेतलं होतं. होम मैदानावर पिपाण्या, कर्णे, आम्हालाच एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. त्याने उंच पाळण्याकडे बोट केलं, मग बोट गोल फिरवलं. पंख्याची खूण त्याने पाळण्याला लावली. मी गर्दीत उभी राहून रडले, आणि ह्यांना वाटलं माझी पर्स गेली.

पायरी ५: घरभर एकच हात

आई एक करते, आजी दुसरंच, काका तिसरं, असं झालं की बाळ गोंधळतं. स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवा, ठरलेल्या खुणांची चित्रं काढा. आमच्याकडे पुतणीने काढली होती. ‘गाई’चं चित्र दातदुखीसारखं दिसायचं, पण काम भागलं.

काही अडचणी आपल्याच घरांत येतात. आजोबांच्या तोंडात मावा असला की ओठ दिसून उपयोग नाही. बाळाशी बोलताना थुंकून या, हे सांगायला मला सहा महिने लागले. विडी वळणाऱ्या घरात आईचे दोन्ही हात पानात आणि डोळे सुपात. हजाराचा हिशोब पुरा करायचा असतो, मला माहीत आहे. तिला दिवसभर खुणा करा म्हणणं म्हणजे चेष्टाच. पण तासातून एकदा सूप बाजूला ठेवून, हात धुऊन पाच मिनिटं पूर्ण बाळाची, एवढं जमतं. हात मात्र खरंच धुवा, तंबाखूचे हात बाळाच्या ओठांना नकोत.

पायरी ६: मशीन आल्यावर

मशीन आलं म्हणून खुणा त्याच दिवशी बंद करू नका. आता एक नवी खूण वाढवा: कानाकडे बोट. कुकरची शिट्टी झाली, दार वाजलं, की थांबा, डोळे मोठे करा, कानाला बोट लावा, ‘ऐकलंस? शिट्टी!’ मग कुकर दाखवा. काही महिन्यांनी बाळ स्वतः कानाला बोट लावून तुमच्याकडे बघतं. तो दिवस वहीत लिहून ठेवा, थेरपिस्टला ते ऐकायचंच असतं.

मशीन सगळाच आवाज मोठा करतं, मागाचाही. थेरपीचा सराव आम्ही माग बंद असतील तेव्हा किंवा आतल्या खोलीत गोधड्या टांगून करायचो. बाकी वेळ खुणांवर भर.

मशीन जागेपणी पूर्ण वेळ कानात हवं. बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते. पहिल्या वर्षात तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. सोलापूरचा उन्हाळा आणि घाम यांनी मशीन बिघडतं, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बटणासारखे सेल गिळले तर जिवावर बेततं, ते कुलपात ठेवा. गिळल्याची शंका जरी आली तरी तडक दवाखाना.

कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विषय निघाला तर एडिप या केंद्र सरकारच्या मदत योजनेची चौकशी करा. या कामाची मुख्य संस्था म्हणजे मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, १९८३ पासूनची. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलं तर सकाळी पोचता. सगळे रिपोर्ट आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राचं काम इकडे समांतर चालू ठेवा.

पायरी ७: खुणांवर अडकू नका

हा भाग थोडा कडू आहे. घरगुती खुणा म्हणजे भाषा नव्हे. त्यांच्यात ‘पाणी’ मागता येतं, पण ‘काल मामा आला असता तर आपण गेलो असतो’ सांगता येत नाही. सुझन गोल्डिन-मेडो या संशोधिकेने अशी मुलं अभ्यासली ज्यांना ना बोली मिळाली ना खुणांची भाषा. ती स्वतःच्या खुणा रचतात, त्यांना क्रमही लावतात, पण एकटं मूल पूर्ण भाषा उभी करू शकत नाही. म्हणून दीड-दोन वर्षांच्या आसपास स्वतःला विचारा: बोललेले शब्द वाढताहेत का? दोन गोष्टी जोडल्या जाताहेत का, जसं ‘बाबा’ शब्दाला ‘भूर’ची खूण? नसतील, आणि मशीनचा फायदाही दिसत नसेल, तर भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घ्या. आधी आईबापांनी, मग घराने. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओ रूपात यूट्यूबवर फुकट आहे. रोज रात्री तीन शब्द, जेवणं झाल्यावर. तुमच्या भागातल्या मूकबधिर तरुणांशी ओळख काढा. व्हिडिओत दिसत नाही ते त्यांच्या चेहऱ्यात दिसतं. बोलणं आणि ही भाषा दोन्ही शिकता येतात, एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

आणि वर्षाचं होऊनही बाळ काही दाखवत नसेल, बोट करत नसेल, नजरच देत नसेल, तर फक्त कानावर टाकून मोकळे होऊ नका. बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. विकासाच्या दुसऱ्या अडचणीही असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात.

वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला तारीख, मधे तुम्ही केलेली खूण, उजवीकडे बाळाने काय केलं. ‘काही नाही’ असेल तर तेही लिहा. तीन आठवडे सलग ‘काही नाही’ येईल, आमचे पाच आठवडे आले. थेरपिस्टकडे जाताना वही न्या, कारण तिथल्या अर्ध्या तासात बाळ हमखास झोपतं किंवा रडतं.

आमच्या वहीतली पहिली भरलेली ओळ सासूबाईंच्या सांगण्यावरून मी लिहिली आहे. त्या परातीत भाकरी थापत होत्या, हा रांगत जाऊन समोर बसला, त्यांच्या हातांकडे बघत राहिला, आणि मग त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर थापले. उजव्या रकान्यात लिहिलंय: ‘भाकरी मागितली. गरम होती, फुंकून दिली.’